दोन पायलीला तीन पायल्या

इसवी सन ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइननं व्याजासंबंधी एक फर्मान काढलं. पुढच्या शतकात तयार झालेल्या थिओडोसियन संहितेत ते टिकून राहिलं आहे. मजकूर अगदी थोडका. गरजू माणसाला जो कोणी पीक उसनं देईल, मग ते पातळ असो की कोरडं, त्यानं निम्म्यानं वाढवून परत घ्यावं. कोणाचा गोंधळ होऊ नये म्हणून फर्मानात उदाहरणही दिलं आहे : दोन मापं दिली असतील तर तिसरं माप वर. पैशाच्या कर्जाचा दर त्याच फर्मानात वेगळा आहे : महिन्याला शेकडा एक, म्हणजे वर्षाला बारा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला हे फर्मान वाचून दाखवा. तो म्हणेल, ही तर दिढी झाली. मृगाच्या तोंडावर दोन पायल्या ज्वारी उचलायची आणि खळ्यावर तीन पायल्या मोजून द्यायच्या. नातं जवळचं असेल, घेणारा खात्रीचा असेल तर सवाई, एरवी दिढी. मराठीत 'वाढीदिढी' असा जोडशब्दच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही पीक हाती येताना धान्याची वाढ निम्म्यापर्यंत घ्यायला मुभा आहे. रोमन अमलाखालच्या इजिप्तमधले धान्यकर्जाचे करार पपायरसवर शिल्लक आहेत. त्यांतही निम्म्याची वाढ हाच नेहमीचा दर, आणि फेडीचा महिना सुगीचा. नाईलकाठ, पाटलीपुत्र आणि पैनगंगेचं खोरं यांनी एकमेकांना विचारून हा दर ठरवला नव्हता. तरी तो जुळतो.

या लेखात मला पाहायचं आहे ते असं, की या व्यवहाराबद्दल कोणी काय लिहिलं, कुठल्या जागी उभं राहून लिहिलं, आणि त्या लिखाणातून कोण वगळलं गेलं. मी लॅटिन शिकलेलो नाही. रोमन लेखक मी इंग्रजी भाषांतरांतून, दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवून वाचतो. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. मात्र बटईचं वावर आणि मक्त्याचं वावर यांतला फरक मला पुस्तकातून शिकावा लागला नाही, आणि हे रोमन कागद वाचताना त्याचाच जास्त उपयोग झाला.

आधी एका शब्दाकडे पाहू. मराठीत 'कूळ' म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. सावकाराच्या तोंडी 'माझं कूळ' म्हणजे त्याचा कर्जदारही. दोन वेगळ्या नात्यांना एकच शब्द वापरताना आपल्याला अडखळायला होत नाही, कारण व्यवहारात ही दोन नाती फार काळ वेगळी राहतच नाहीत. लॅटिनमधला 'कोलोनुस' हा शब्द नुसत्या कसण्यावरून आला आहे, त्यात कर्ज नाही. पण रोमन मृत्युपत्रांत 'कोलोनुसांकडची बाकी' हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे, की शेत वारसाला देताना त्याबरोबर कुळांकडचं थकलेलं येणंही दिलं का, यावर कायदेपंडितांनी खल केला आहे. बैल, औतं, बी आणि बाकी. शेतीच्या सामानात कुळाची थकबाकी हीही एक वस्तू.

या बाकीबद्दल सर्वांत सुरेख लिहिलं ते धाकट्या प्लिनीनं. तो इसवी सन १०० च्या आगेमागे लिहीत होता. बडा जमीनदार, वकील, पुढे प्रांताधिकारी. त्याची पत्रं जपून, घासूनपुसून प्रसिद्ध केलेली आहेत, म्हणून ती साहित्य म्हणून वाचायला हरकत नाही. मला त्यातली तीन पत्रं महत्त्वाची वाटतात.

एका पत्रात शेजारची जमीन विकत घ्यावी का, असा सल्ला तो मित्राला विचारतो. किंमत ३० लाख सेस्टर्स, एके काळी ती ५० लाख होती. पडण्याचं कारणही तो देतो. आधीचा मालक कुळांची तारण ठेवलेली चीजवस्तू वरचेवर विकून बाकी वसूल करत असे. बाकी तेवढ्यापुरती कमी व्हायची, पण पुढच्या वर्षी कसायला कुळाजवळ काही उरायचं नाही, आणि बाकी पुन्हा चढायची. अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकात सापडणार नाही इतकं हे निदान नेमकं आहे. आपल्याकडे जप्तीत बैलजोडी नेण्याबद्दल जे बोललं जातं ते हेच.

दुसरं पत्र सम्राट ट्रेजनला. सुटी हवी आहे. जमिनीचा खंड ४ लाख सेस्टर्सच्या वर आहे, नवे पट्टे द्यायची वेळ आली आहे, आणि सतत बुडणाऱ्या पिकांमुळे सूट देण्याचा विचार करावा लागतो आहे.

तिसरं सर्वांत गाजलेलं. मित्र पॉलिनस कॉन्सल होतो आहे, त्या दिवशी हजर राहता येणार नाही म्हणून दिलगिरी. कारण पुन्हा पट्टेच. प्लिनी सांगतो, गेल्या पाच वर्षांच्या पट्ट्यात भरपूर सूट देऊनही बाकी वाढली. आता सगळं फेडणं शक्यच नाही अशी खात्री झाल्यामुळे कित्येकांना ती कमी करण्याचीही पर्वा उरली नाही. उगवलेलं ते सरळ उचलून खाऊन टाकतात. वाचवून ठेवलं तरी ते आपलं राहणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. यावर त्याचा उपाय असा, की रोख खंड बंद करून पिकाचा हिस्सा घ्यायचा आणि पिकावर आपली माणसं राखण ठेवायची. जमीन, आभाळ आणि साल मिळून जे देतील त्याच्यासारखं न्याय्य उत्पन्न दुसरं नाही, असंही तो लिहितो.

अभ्यासकांनी या पत्राची स्तुती केली आहे. मालक जोखीम वाटून घ्यायला तयार झाला, असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि तो खोटा नाही. मक्त्याऐवजी बटई आली म्हणजे वाईट सालात मालकाचंही पोतं रिकामं राहतं. पण पत्राचं गद्य बारकाईनं पाहिलं तर त्यातली एक जागा झाकून राहत नाही. कुळं उभं पीक खातात हे प्लिनी बेफिकिरीचं लक्षण म्हणून मांडतो. धान्य खाल्लं जातं, यात नवल काय? लहान मुलं घरात असताना राशीतलं कोणतं धान्य मालकाचं आणि कोणतं आपलं, असा हिशेब कोणतं घर चुलीपुढे मांडतं? प्लिनीला हा प्रश्न पडत नाही. त्याला राखणदार सुचतात. बटईबरोबर पाळत येणार, हे तो स्वतःच कबूल करतो : या पद्धतीला फार इमानी माणसं, तीक्ष्ण डोळे आणि पुष्कळ हात लागतात. डोळे कोणावर लावायचे आहेत, हे उघड आहे. ज्याच्याशी जोखीम वाटली त्याच्यावरच.

लेखक म्हणून मी प्लिनीला वरचा मानतो. निदान अचूक, भाषा सभ्य. पण त्याच्या सगळ्या पत्रांत एकही कूळ नावानिशी बोलत नाही. आपण जे ऐकतो ते येणेकऱ्यानं केलेलं देणेकऱ्याचं वर्णन.

प्लिनीच्या मानानं रोमन कायदेपंडित रूक्ष, पण मला ते अधिक वाचनीय वाटतात. त्यांना प्रत्येक वाक्यात कोणाचं किती, हे ठरवणं भाग असतं. सिसेरोचा मित्र सर्व्हियस यानं एक नियम घातला आणि पुढे अल्पियननं तो नोंदवला. ज्याला अडवता येत नाही अशा बळानं पीक गेलं तर नुकसान मालकाचं, कुळाला खंड माफ. उदाहरणं अस्सल शेतातली आहेत : नदीचा पूर, कावळ्यांचे आणि साळुंक्यांसारख्या पाखरांचे थवे, शत्रूची धाड. सूर्याचा ताप नेहमीच्या बाहेर गेला तर तोही मालकाच्या खात्यावर. मात्र दोष पिकातूनच उपजला असेल, दारू आंबली, किंवा अळीनं अथवा तणानं पीक खाल्लं, तर ते कुळाच्या नशिबी.

अळी कुळाच्या नशिबी. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यातल्या पराटीवर गुलाबी बोंडअळी आली. बोंड बाहेरून धडधाकट, फोडलं की आत अळी आणि किडलेली सरकी. सर्व्हियसच्या नियमानं ही अळी 'पिकातून उपजलेली' की 'न अडवता येणारं बळ'? बी कुळानं निवडलेलं नव्हतं, बाजारात जे होतं ते घेतलं होतं. अळीला न जुमानणारं म्हणूनच ते विकलं गेलं होतं. सर्व्हियसपुढे हा खटला गेला असता तर त्यानं काय निकाल दिला असता, याचा विचार मी पुष्कळदा करतो. माझ्या मते त्यानं तो पाखरांच्या रांगेत बसवला असता. आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मदत जाहीर झाली आणि ती सातबाऱ्यावरच्या नावाकडे गेली. बटईदार सातबाऱ्यावर नसतो.

दुसरा पंडित गायस. तो म्हणतो, खंडमाफीचा हा नियम रोख खंड देणाऱ्या कुळासाठी आहे. हिश्शानं कसणारा मात्र जणू मालकाचा भागीदार असतो, नफा आणि तोटा दोन्ही तो मालकाबरोबर वाटून घेतो. एवढंच वाक्य. पण त्यात बटईदाराला जी जागा दिली आहे ती आपल्या कायद्यानं अजून दिलेली नाही. गायसचा बटईदार भागीदार आहे. आमचा बटईदार कागदोपत्री अस्तित्वातच नाही.

त्याला कारण आहे. वऱ्हाडात पट्ट्यांच्या नियमनाचा कायदा १९५१ साली आला, मग विदर्भासाठी वेगळा कूळकायदा १९५८ साली. पश्चिम महाराष्ट्रात कृषकदिन १ एप्रिल १९५७, आपल्याकडे १ एप्रिल १९६१. कसेल त्याची जमीन हे तत्त्व योग्यच होतं, आणि ज्यांना त्यात जमीन मिळाली त्यांच्या घरी आजही त्या कायद्याचं नाव आदरानं घेतलं जातं. पण त्याचा दुसरा परिणाम असा, की ज्याच्याजवळ थोडीही जमीन आहे त्यानं ती दुसऱ्याला लेखी कसायला देणं सोडलं. वावर देणं थांबलं नाही, लिहिणं थांबलं. बटई चालूच आहे, मक्ताही चालू आहे, सगळं तोंडी. विधवा बाई, नोकरीला गेलेला भाऊ, म्हातारा बाप, असे कितीतरी मालक असतात, सगळे काही बडे नव्हेत. करार होतो पाडव्याच्या सुमारास, ओट्यावर, दोन माणसांसमोर. पीकविमा काढायचा तर आता कसणाऱ्याकडे नोंदणी केलेला भाडेकरार मागतात. पीककर्ज मिळतं ते सातबारा पाहून. ई-पीक पाहणीत नोंद होते ती खातेदाराच्या खात्यावर. तोंडी करार करणाऱ्यानं या तिन्ही खिडक्यांशी जाऊन काय दाखवायचं?

म्हणून तो दुसरीकडे उचलतो. आणि इथे पुन्हा दिढी येते, थोडी कपडे बदलून. बियाणं, खत, फवारणीचं औषध हंगामाच्या सुरुवातीला दुकानातून उधारीवर, फेड कापूस आल्यावर. चिठ्ठीवर व्याज लिहिलेलं नसतं, भावात ते असतं. कापूसही मग बहुतेक त्याच हातांत जातो. कॉन्स्टन्टाइनच्या फर्मानात निदान तिसरं माप उघड लिहिलेलं होतं.

आता दिढीचं गणित. ते केल्याशिवाय तिच्याबद्दल रागानं बोलणं सोपं आहे आणि बहुतेकांनी तेवढंच केलं आहे. आकडे फक्त हिशेबासाठी घेतो. समजा मृगाच्या वेळी ज्वारी ३० रुपये पायली आहे आणि खळ्यावर २० रुपये. सावकारानं दोन पायल्या दिल्या, म्हणजे ६० रुपयांचं धान्य. सुगीत त्याला तीन पायल्या मिळाल्या, त्याही ६० रुपयांच्याच. पैशात मोजलं तर व्याज शून्य! मग त्याला मिळालं काय? त्याला पेव मिळालं. त्या तीन पायल्या तो विकत नाही. पुढच्या मृगापर्यंत ठेवतो, तेव्हा त्या ९० रुपयांच्या होतात आणि त्याच पुन्हा दिढीनं बाहेर पडतात. दिढीची खरी मिळकत वेळ धरून ठेवण्याच्या ताकदीत आहे. ज्याला थांबता येतं तो सावकार, ज्याला थांबता येत नाही तो कूळ.

याचीच दुसरी बाजू. साल चांगलं आलं, भाव आणखी पडला, तर तीन पायल्या देणं कुळाला फारसं जड जात नाही. रास मोठी आहे, पायली स्वस्त आहे. पण साल बुडालं तर? खळ्यावरच पायली ५० रुपये. आता दोनाच्या तीन म्हणजे ६० चे दीडशे, आणि रासच मुळी दहा पायल्यांची. धान्याचं कर्ज चांगल्या सालात सौम्य असतं आणि दुष्काळात माणूस मोडतं. रोख कर्जाचं वेगळं : तिथे भरघोस पीक आलं की भाव कोसळतो आणि भरल्या खळ्यावर रक्कम जुळत नाही. कुळाला या दोन्ही कर्जांची वेगवेगळी भीती असते. फक्त टक्के मोजणाऱ्याला ती दिसत नाही. १२ टक्के आणि ५० टक्के हे एकाच फुटपट्टीवरचे आकडे नव्हेत.

आपल्या शास्त्रकारांनीही हा भेद ओळखला होता, पण झुकते कुठे ते पाहा. दामदुपटीचा नियम आपल्याला अभिमानानं सांगतात : मुद्दलाच्या दुपटीपलीकडे सावकारानं घेऊ नये. तो सोन्यानाण्याला. धान्याला याज्ञवल्क्यस्मृतीत तिप्पट चालते, आणि मनुस्मृतीत धान्याची मर्यादा पाचपटीपर्यंत जाते. रोममध्ये पैशाला १२ आणि धान्याला ५०. पैसा उसना घेणारा व्यापारी असू शकतो, त्याची पत असते, तो दरबारात ओरडू शकतो. धान्य उसनं घेणारा बहुधा उपाशी असतो. मला कायद्यांची ही रचना निरागस वाटत नाही.

रोमनांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. कॉन्स्टन्टाइनच्या त्याच फर्मानात आहे, की व्याज वाढत राहावं म्हणून जो सावकार फेड स्वीकारायलाच नकार देईल त्याचं व्याज तर जाईलच, मुद्दलही जाईल. खळ्यावर कूळ धान्य घेऊन उभं असताना 'राहू दे, पुढच्या वर्षी दे' म्हणणारा सावकार ज्यानं पाहिला आहे त्याला या कलमाचं मोल कळेल. आणि ५३५ मध्ये जस्टिनियननं शेतकऱ्यांपुरता दर खाली ओढून मापामागे आठवा हिस्सा एवढाच ठेवला आणि दुष्काळाचा फायदा घेऊन सावकारांनी बळकावलेल्या जमिनी परत करायला सांगितल्या. ३२५ ते ५३५. दोनशे दहा वर्षं लागली.

आता मराठी लिखाणाकडे वळतो. सावकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते मुख्यतः दख्खनचं आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जे झालं त्यात लोकांना हवे होते ते कागद : रोखे, गहाणखतं. ते मिळाले आणि जाळले की गर्दी पांगायची. त्यावर सरकारी चौकशी बसली, १८७९ चा कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांसाठी. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा, म्हणजे या घडामोडींच्या अगदी लगतचा. त्यात सावकार एकटा उभा नाही. कुलकर्णी, कोर्ट, वकील, गोरा अंमलदार असा सारा ताफा आहे, आणि शेतकऱ्याला अक्षर येत नाही हे त्याच्या नागवणुकीचं मूळ आहे. हे विवेचन इतकं प्रभावी ठरलं, की पुढे मराठीत सावकारी म्हणजे कागदाचा जुलूम हे समीकरण पक्कं झालं.

पण दिढीला कागद नसतो. दोन पायल्यांसाठी कोण मुद्रांक घेणार? ती आठवणीवर चालते, आणि शेजारपणावर. आठवण कोणाची खरी मानायची, हे ठरवणारा तोच असतो ज्याच्या दारात पुढच्या मृगाला पुन्हा जायचं आहे. म्हणून या कर्जाविरुद्ध दंगा करता येत नाही, जाळायला काही नसतं. इतिहासकारालाही त्याचं काही करता येत नाही, कारण त्याच्या हाती दप्तर लागत नाही. इजिप्तच्या कोरड्या वाळूनं दोन हजार वर्षांपूर्वीच्या फुटकळ धान्यकर्जांचे कागद राखून ठेवले. तिथे पाच-दहा मापांसाठीही लेखक बसवून करार लिहून घेत. आपल्या वऱ्हाडातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या दिढीचा एक कागद दाखवा म्हटलं तर पंचाईत. फुल्यांचा दोष नाही हा, त्यांनी जे पाहिलं ते मांडलं. दोष नंतरच्यांचा, ज्यांनी पुण्याच्या पट्टीनं वणी आणि पांढरकवडा मोजलं.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) या बाबतीत जास्त उपयोगाचा, आणि जास्त चिडवणाराही. खळ्यावरच्या राशीला किती हात लागतात हे आत्र्यांइतकं बारकाईनं क्वचितच कोणी पाहिलं असेल. बलुतेदार, अलुतेदार, भिक्षेकरी, फिरस्ते. पण त्यांच्या रागाची वाटणी विचित्र आहे. पसाभर धान्य मागणाऱ्या फिरस्त्यावर तो पानंच्या पानं कोसळतो. बलुतं हे कामाचं मोल होतं, तेही आधी केलेल्या कामाचं, म्हणजे बलुतेदारच खरं तर शेतकऱ्याला वर्षभर उधार देत असे, ही बाजू मनावर घ्यावी तेवढी ते घेत नाहीत. सुतारानं श्रावणात केलेल्या वखराचं धान्य त्याला पौषात मिळायचं. बिनव्याजी. खळ्यावर सवाई-दिढी न लावणारा हाच एक धनको, आणि 'गावगाड्या'त ओझं म्हणून मोजला गेला तोही.

वऱ्हाडाचा कणा वेगळा होता. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव, त्याच काळात रेल्वे. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा वणी जिल्हा होतं, यवतमाळ हे नाव १९०५ चं. इथे जंगल आणि पडीत जमीन पुष्कळ, म्हणून सरकारनं गावंच्या गावं दीर्घ मुदतीच्या इजाऱ्यानं दिली. आजही कितीतरी गावांच्या नावापुढे 'इजारा' असं लागलेलं दिसतं. वर सरकार, मध्ये इजारदार, खाली कुळं. ज्वारीचं वावर कापसाला गेलं आणि ज्वारी विकत घेण्याची वेळ आली, तेव्हा दिढीची गरज कमी झाली नाही, वाढली. कापूस खाता येत नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात भर कापूसपट्ट्यात माणसं अन्नावाचून गेली, हे लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यावरच्या इंग्रजी पुस्तकात साधार मांडलं आहे. मराठीत त्याची व्हावी तेवढी चर्चा झालेली नाही.

इजाऱ्याचं हे तीन मजली घर पाहिलं की मला रोमन आफ्रिका आठवते, म्हणजे आजचा ट्युनिशिया. तिथे सम्राटाच्या मालकीच्या अफाट जमिनी होत्या, त्या मक्तेदारांना दिलेल्या, आणि कसणारी कुळं त्यांच्या हाताखाली. हेन्शिर मेत्तिश इथल्या शिलालेखात (इ. स. ११६-११७) कुळांनी काय द्यायचं ते कोरलं आहे : खळ्यावरच्या गव्हाचा आणि जवाचा तिसरा हिस्सा, घेवड्याचा चौथा, मधाच्या पोळ्यामागे एक माप. कोकणातल्या खोतीत ज्याला तिर्धेल म्हणत तीच ही पद्धत. आमच्या बटईत निम्मं जातं हे वाचकानं लक्षात ठेवावं.

दुसरा शिलालेख सूक अल्-खमिसचा, इ. स. १८० नंतरच्या दोन-तीन वर्षांतला. एवढ्या वाचनात मला कुळाचा स्वतःचा आवाज इथे पहिल्यांदा भेटला. कुळांनी थेट सम्राट कॉमोडसकडे अर्ज केला. मक्तेदार आणि सरकारी कारभारी संगनमतानं ठरल्यापेक्षा जास्त वेठ घेतात. वर्षाला दोन दिवस नांगरणी, दोन दिवस खुरपणी, दोन दिवस कापणी एवढंच ठरलं आहे. तक्रार केली म्हणून शिपाई आले, काहींना बांधलं, काहींना झोडपलं, त्यांच्यात रोमन नागरिकही होते. आम्ही हातांनी कमावून खाणारी खेडवळ माणसं, मक्तेदार नजराणे देऊन वजन राखून आहे, असं ते लिहितात. सम्राटानं त्यांच्या बाजूनं उत्तर दिलं आणि कुळांनी आपला अर्ज आणि ते उत्तर दोन्ही दगडात कोरून घेतलं. प्लिनीची सगळी पत्रं एका पारड्यात आणि हा दगड दुसऱ्यात ठेवला तर मी दगडाकडे जाईन. त्याची भाषा सुबक नाही. पण तिच्यात दिवस मोजलेले आहेत.

मराठीत या दगडाच्या जवळ जाणारं पुस्तक मला एकच दिसतं, गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. वारल्यांची जमीन, कर्ज आणि वेठ या एकाच गाठीच्या तीन दोऱ्या आहेत हे त्यात दिसतं, आणि वारली माणसं स्वतःच्या तोंडानं बोलतात. आमच्याकडच्या कोलाम आणि गोंड कुळांवर तसं पुस्तक झालं नाही. कापसाच्या अर्थकारणावर बोलणारे खूप, झरी-जामणीकडच्या पोडावर पावसाळ्यात धान्य कुठून येतं यावर बोलणारे थोडे.

सरकारनं ती जागा भरायचा एक प्रयत्न केला होता. १९७६ मध्ये आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा झाला आणि १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज सुरू झालं. पावसाळ्यात काम नसताना आणि घरात दाणा नसताना काही धान्य, काही रोख. 'खावटी' हा शब्द जुना, खाण्यापुरतं उचललेलं धान्य. सरकारी योजनेला इतकं खरं नाव क्वचित मिळतं. कर्जं थकली, माफ झाली, योजना मागे पडली. २०२० च्या टाळेबंदीनंतर ती खावटी अनुदान म्हणून एका वर्षापुरती परत आली, कुटुंबाला ४ हजार रुपये, निम्मे खात्यात आणि निम्म्याच्या वस्तू. या वेळी परतफेड नव्हती.

आणि २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा. त्यातल्या व्याख्येत कर्ज म्हणजे पैशाचं तसंच वस्तुरूपानं दिलेलंही. म्हणजे दोन पायल्या ज्वारीही त्यात बसते. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत करण्याची सोय आहे, जस्टिनियनच्या हुकुमासारखी. शेतकऱ्याला विनातारण कर्जावर सरकारनं ठरवून दिलेला दर वर्षाला शेकडा १२, कॉन्स्टन्टाइननं पैशाला दिला तोच. त्या दरानं मृगातल्या दोन पायल्यांवर सुगीपर्यंतचं व्याज काढलं तर मूठ-दोन मुठींच्या पुढे जात नाही. खळ्यावर आजही मोजली जाते ती तिसरी पायलीच.